लकव्याआधीची तपासणी : मानेच्या नसेची बुडबुड्यांची सोनोग्राफी



आपल्या विदर्भात 'लकवा मारला' हे शब्द ऐकले नाहीत असे घर नाही. धडधाकट माणूस सकाळी वावरात जातो आणि संध्याकाळी एका बाजूने लुळा होऊन खाटेवर पडतो. गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण लकवा हेच निघाले. दर सात मृत्यूंमागे जवळपास एक मृत्यू लकव्याने झाला होता. लकवा हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या माणसांचा आजार आहे, हा समज या अभ्यासाने खोटा ठरवला. गडचिरोलीचे शेतकरी-मजूर आणि सेलू तालुक्यातील हिंगणीचे शेतकरी-मजूर यांच्या राहणीत फार फरक नाही. म्हणून हा विषय आपला आहे.

या वेळच्या पाठात आम्ही एका नव्या तपासणीची माहिती देत आहोत. तिला 'कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी' म्हणतात. मानेच्या नसेत साचलेला चरबीचा थर किती धोक्याचा आहे, याचा अंदाज या तपासणीने घेता येतो. ही तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी असे आमचे म्हणणे नाही. उलट, ती कुणाला हवी आणि कुणाला नको हे समजले तर पैसा वाचेल आणि वेळेवर योग्य उपचारही होईल. त्यासाठी मुळापासून सुरुवात करू.

नसेत नेमके काय होते?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन मोठ्या धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. त्यांना कॅरोटिड धमन्या म्हणतात. घाटीच्या बाजूला हलके बोट ठेवले की जी नाडी लागते ती यांचीच. (दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नका. चक्कर येऊ शकते.) जबड्याच्या थोडी खाली ही धमनी दोन फाट्यांत विभागते. एक फाटा मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. जिथे फाटा फुटतो तिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता भोवरा घेतो आणि नेमका तिथेच थर साचू लागतो. या थराला डॉक्टर 'प्लाक' म्हणतात.

प्लाक म्हणजे नळात बसलेला निव्वळ गाळ नव्हे. तो धमनीच्या भिंतीच्या आत वाढतो. त्यात चरबी असते, सूज आणणाऱ्या पेशी असतात, काही ठिकाणी कॅल्शियम असते आणि वरून तंतूंचे एक झाकण असते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वाढते वय ही याची मुख्य कारणे. खर्रा आणि बिडी दोन्ही तंबाखूच आहेत, हे वेगळे सांगायला नको.

प्लाक दोन प्रकारे घात करतो. एक, तो वाढत जाऊन धमनी अरुंद करतो. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. वरचे झाकण फाटते, तिथे रक्ताची गुठळी जमते, तिचा तुकडा सुटून मेंदूत जातो आणि एखादी लहान नस बंद पाडतो. मेंदूच्या त्या भागाचे रक्त थांबले की लकवा होतो. धमनी फारशी अरुंद झालेली नसतानाही हे घडू शकते.

कालव्याची पाळ आणि आतला झिरपा

बोर धरणाचा कालवा ज्यांच्या वावराजवळून जातो त्यांना पुढची गोष्ट लगेच समजेल. कालव्याची पाळ वरून जाड आणि मजबूत दिसते. पण आत खेकड्यांची बिळे पडली, पाण्याचा झिरपा सुरू झाला, की एक दिवस ती पाळ अचानक फुटते. पाळ किती जाड आहे एवढेच पाहून चालत नाही. तिच्या आत काय चालले आहे तेही पाहावे लागते.

धमनीच्या भिंतीचेही तसेच आहे. भिंत जिवंत असते, तिलाही रक्त लागते. आतला थर शेजारून वाहणाऱ्या रक्तातून प्राणवायू घेतो. बाहेरच्या थराला मात्र अतिशय बारीक नसा रक्त पुरवतात. या नसांना लॅटिनमध्ये 'वासा वासोरम' म्हणतात, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या रक्तवाहिन्या. निरोगी भिंतीत त्या बाहेरच्या बाजूलाच राहतात.

प्लाक वाढला की भिंत जाड होते. मधल्या भागाला प्राणवायू पुरत नाही. मग तिथल्या पेशी नव्या नसा उगवण्याचा संदेश देतात आणि बाहेरच्या बारीक नसांना फुटवे येऊन ते प्लाकच्या आत शिरतात. हे फुटवे कच्चे असतात, त्यांच्या भिंती गळक्या असतात. त्यांतून चरबी आणि सूज आणणाऱ्या पेशी आत येतात. कधी तो फुटवा फुटून प्लाकच्या पोटातच रक्तस्राव होतो. प्लाक एकदम फुगतो आणि झाकण फाटण्याचा धोका वाढतो. हृदयाच्या धमन्यांबाबत हा विचार बार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडला होता. पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या प्लाकचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा लकवा येऊन गेलेल्यांच्या प्लाकमध्ये अशा नसा जास्त असतात असे अनेक ठिकाणी दिसले.

म्हणजे प्रश्न असा उरतो : माणसाची मान न उघडता या बारीक नसा पाहायच्या कशा?

साध्या सोनोग्राफीत काय दिसते, काय दिसत नाही

सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा गरोदरपण आठवते. पण तेच मशीन मानेवर ठेवूनही तपासणी होते. तिला 'कॅरोटिड डॉपलर' म्हणतात. प्लाक कुठे आहे, किती मोठा आहे, धमनी किती टक्के अरुंद झाली आहे आणि रक्त किती वेगाने धावते हे त्यात कळते. ही तपासणी साधी आहे, तिच्यात सुई नाही आणि किरणोत्सर्गही नाही.

अरुंदपणाच्या टक्क्यांना महत्त्व आहेच. ज्यांना लकव्याची लक्षणे येऊन गेली आहेत आणि त्याच बाजूची धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद आहे, त्यांना शस्त्रक्रियेने प्लाक काढण्याचा मोठा फायदा होतो. हे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने १९९१ मध्येच दाखवले. आजही शल्यचिकित्सक त्या आकड्याला मान देतात.

पण डॉपलरला मर्यादा आहे. मोठ्या धमनीतला वेगवान प्रवाह त्याला दिसतो, प्लाकच्या आतल्या केसाहून बारीक नसांमधला संथ प्रवाह पकडता येत नाही. त्यामुळे '४० टक्के अरुंद' असा एकच रिपोर्ट आलेल्या दोन माणसांपैकी एकाचा प्लाक शांत असू शकतो आणि दुसऱ्याचा आतून झिरपत असू शकतो. कागदावर दोघे सारखेच दिसतात.

बुडबुडे काय काम करतात?

१९६८ मध्ये अमेरिकेतील रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवली. औषधाचे इंजेक्शन देताना द्रवासोबत हवेचे सूक्ष्म बुडबुडे जातात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर ते चमकतात. त्या निरीक्षणातून पुढे खास औषधे तयार झाली. आज वापरात असलेल्या एका औषधात सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू स्निग्ध पदार्थाच्या पातळ कवचात बंद केलेला असतो. युरोपात त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. जगभर ते मुख्यतः हृदय आणि यकृत तपासायला वापरतात.

हा बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या एक तृतीयांश आकाराचा असतो. म्हणून तो सर्वांत बारीक नसेतूनही जातो, पण नसेबाहेर पडत नाही. हाच त्याचा मोठा गुण. प्लाकच्या आत बुडबुडे दिसले तर तिथे रक्त वाहणारी नस आहे, हे त्यावरून समजते.

ध्वनिलहर बुडबुड्यावर आदळली की तो आकुंचन पावतो आणि फुगतो. मात्र दाबला जाण्यापेक्षा तो फुगतो जास्त, त्यामुळे परत येणाऱ्या आवाजात वेगळे सूर मिसळतात. शरीराचे मांस असे सूर फारसे देत नाही. मशीन हे वेगळे सूर निवडून घेते आणि मांस काळे, बुडबुडे पांढरे दाखवते. यासाठी आवाजाचा जोर मुद्दाम कमी ठेवावा लागतो. जोर वाढला की बुडबुडे फुटतात.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते?

आधी साधा कॅरोटिड डॉपलर होतो आणि प्लाकची जागा पक्की केली जाते. नंतर हाताच्या शिरेत एक बारीक नळी घालतात. तिच्यातून एक-दोन मिलिलिटर औषध आणि लगेच सलाइन सोडतात. काही सेकंदांत धमनी पडद्यावर पांढरीशुभ्र होते. प्लाक सुरुवातीला काळा राहतो. डॉक्टर पुढची काही मिनिटे त्या काळ्या भागावर नजर ठेवून चित्रफीत घेतात. बाहेरच्या बाजूने आत सरकणारे पांढरे ठिपके दिसले तर ते नव्या नसांमधले बुडबुडे. कधी जोरदार ध्वनिलहर सोडून सगळे बुडबुडे मुद्दाम फोडतात आणि प्लाक पुन्हा किती वेगाने भरतो ते पाहतात.

एकूण वेळ सुमारे अर्धा तास. भूल लागत नाही. वायू श्वासावाटे निघून जातो, साधारण पाव तासात त्यातला बहुतेक बाहेर पडतो. सीटी स्कॅनमधील आयोडीनच्या औषधाप्रमाणे याचा मूत्रपिंडावर भार पडत नाही. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

चित्र कसे वाचतात?

साधारणपणे तीन पायऱ्या मानतात.

० : प्लाकमध्ये एकही ठिपका नाही.
१ : ठिपके थोडे आणि प्लाकच्या कडेला किंवा बाहेरच्या बाजूला.
२ : ठिपके पुष्कळ आणि प्लाकच्या गाभ्यापर्यंत पोचलेले.

काही ठिकाणी संगणकाने चकाकीचे मोजमापही करतात. शिकागोचे डॉ. स्टीव्हन फाइनस्टाइन यांनी मानेच्या धमनीसाठी ही पद्धत पुढे आणली. इतर संशोधकांनी शस्त्रक्रियेआधी तपासणी करून, नंतर काढलेला प्लाक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा चकाकी आणि नसांची संख्या यांचा मेळ बसला.

पण चित्र फसवूही शकते. प्लाकमध्ये कॅल्शियम जास्त असेल तर त्याच्यामागे काळी सावली पडते आणि तिथले काहीच दिसत नाही. दुसरे असे की, तपासणीच्या टोकापासून दूर असलेल्या भिंतीवरचा प्लाक बुडबुडे नसतानाही चमकल्यासारखा भासतो, कारण ध्वनिलहर आधी बुडबुड्यांनी भरलेल्या धमनीतून आलेली असते. म्हणून हे काम सरावलेल्या हाताचे आणि डोळ्याचे आहे. मशीन असले म्हणजे तपासणी झाली, असे समजू नये.

मग ही तपासणी कुणासाठी?

स्पष्टच सांगतो. ज्याला काही त्रास नाही, त्याने गंमत म्हणून किंवा 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातीला भुलून ही तपासणी करू नये. प्लाकमधील नसा पाहणे हे अजून मोठ्या केंद्रांतले आणि बरेचसे संशोधनातले काम आहे. फक्त चकाकी दिसली म्हणून शस्त्रक्रिया करावी, असा नियम कुठेही नाही.

उपयोग होतो तो अडलेल्या ठिकाणी. लक्षणे येऊन गेली, पण अरुंदपणा मध्यमच आहे आणि दुसरे कारण सापडत नाही, अशा वेळी प्लाक शांत की अशांत हे समजले तर निर्णयाला मदत होते. धमनी पूर्ण बंद आहे की धाग्याएवढी वाट उरली आहे, हे ठरवायलाही बुडबुडे उपयोगी पडतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पूर्ण बंद धमनीवर सहसा शस्त्रक्रिया करत नाहीत. युरोपातील सोनोग्राफी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मानेच्या धमनीचा समावेश केला आहे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक लकवा मानेच्या नसेमुळे होत नाही. मेंदूतला रक्तस्राव, हृदयातून सुटलेली गुठळी, मेंदूच्या आतल्या नसांचे आजार हीही कारणे आहेत. म्हणून पहिली तपासणी मेंदूचा सीटी स्कॅन हीच. बुडबुड्यांचा नंबर फार नंतर लागतो.

धोका आणि काळजी

तीव्र ॲलर्जी फार क्वचित येते, सुमारे दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. तरी ती येऊ शकते, म्हणून ही तपासणी तातडीच्या उपचाराची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी. पॉलिइथिलीन ग्लायकॉल या घटकाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. पोट साफ करण्याच्या काही औषधांत तो असतो.

आपल्या समाजासाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आपल्या घराघरांतही आहेत. बुडबुड्यांच्या काही औषधांनंतर सिकलसेल आजार असलेल्यांना तीव्र वेदनांचा झटका आल्याच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेतील औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा दिलेला आहे. तेव्हा इंजेक्शनवाली कोणतीही सोनोग्राफी असो, सिकलसेलचे कार्ड डॉक्टरांपुढे ठेवायचे. विचारले नाही तरी सांगायचे. यात लाज कसली?

हिंगणीच्या माणसाने काय करावे?

हिंगणीहून सेलू आणि सेलूहून वर्धा हा रस्ता आपल्या सर्वांच्या पायाखालचा आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी शिकवणारी रुग्णालये आहेत. एवढी सोय जवळ असूनही लकव्याचा रुग्ण उशिरा पोचतो. त्याला आपल्या सवयी कारणीभूत आहेत.

पहिली सवय, कमी वेळाच्या लक्षणाकडे दुर्लक्ष. हात दहा मिनिटे लुळा पडला आणि पुन्हा चालू लागला, बोलणे जड झाले आणि सुधारले, एका डोळ्यापुढे पडदा आला आणि सरला, की आपण म्हणतो, 'उन्हाने झाले असेल'. हा छोटा झटका असतो. मोठ्या लकव्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानेच्या नसेची तपासणी याच वेळी कामाची असते.

दुसरी सवय, लकवा झाल्यावर झाडफूक, तेलमालिश आणि कबुतराचे रक्त चोळणे. बंद पडलेली नस मेंदूत आहे, हातापायावर रक्त चोळून ती उघडणार कशी? यात जातो तो वेळ. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन व्हायचा असतो. म्हणून तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळते, यातले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवा. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, घास किंवा घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. ॲस्पिरिनही स्वतःच्या मनाने देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती गोळी घात करील.

तिसरी सवय, गोळ्या मध्येच सोडणे. बी.पी. नॉर्मल आले म्हणून गोळी बंद केली, कापूस वेचायला जायचे म्हणून महिनाभर घेतली नाही, असे आपण रोज ऐकतो. बी.पी. नॉर्मल येते ते त्या गोळीमुळे. प्लाक शांत ठेवण्याचे खरे काम हीच साधी औषधे करतात : बी.पी.ची गोळी, साखरेची गोळी, आणि डॉक्टरांनी दिली असेल तर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी. स्टॅटिनने प्लाकमधली चरबी आणि सूज कमी होते. तंबाखू सोडली तर या गोळ्यांचे अर्धे काम सोपे होते.

आमची एक सूचना आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात बी.पी.चे मशीन ठेवा. गावातल्या आशाताईंना बोलवा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे बी.पी. मोजून वहीत लिहा. ज्याचे सलग दोन-तीन वेळा १४०/९० च्या वर आले त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. सरकारी केंद्रात बी.पी. आणि साखरेच्या गोळ्या मोफत मिळतात. ही वही कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा जास्त लकवे टाळील.

मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आलीच तर आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत घ्या आणि तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. कर्ज काढण्याआधी हे विचारणे आपला हक्क आहे.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न

१. माझ्या कोणत्या बाजूच्या नसेत प्लाक आहे आणि किती टक्के अरुंदपणा आहे?
२. मला आलेले लक्षण त्याच प्लाकमुळे आले असे वाटते का?
३. ही नवी तपासणी केली तर माझ्या उपचारात नेमका काय बदल होईल?
४. ती न करता गोळ्या नीट घेतल्या तर चालेल का?

तिसऱ्या प्रश्नाला 'काहीच बदल होणार नाही' असे उत्तर आले, तर ते पैसे औषधासाठी ठेवा. 'शस्त्रक्रिया करायची की नाही ते ठरेल' असे उत्तर आले, तर ती तपासणी जरूर करा. प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. शिकलेला माणूस विचारतो आणि समजून घेऊन निर्णय करतो.

हा पाठ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. छोट्या झटक्याची तीन लक्षणे आणि १०८ हा आकडा मुलांकडून पाठ करून घ्या. घरात सर्वांत आधी धावणारी तीच असतात.

जय भीम.